थर्माकोलचं डोकं

पडदा अर्धाच ओढलेला होता. पुरा ओढला असता तर मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले असते, थोड्या वेळाने प्रेमा बाहेर आली असती, आणि आम्ही सासूसुना शहापूरच्या बाजारातून कैऱ्या घेऊन घरी गेलो असतो. तेवढंच झालं असतं. पण हेतलच्या पार्लरचा पडदाच मुळात आखूड. उरलेल्या फटीतून मला आरशात एक डोकं दिसलं. केस नसलेलं. आधी वाटलं, कोणी बुवा बसलाय. मग म्हटलं, बायांच्या पार्लरात बुवा कशाला येईल. मग त्या बुवाच्या कानात कुड्या दिसल्या. माझ्याच कुड्या, लग्नात मी सुनेला घातलेल्या, डाव्या कुडीतला एक मोती निखळलेल्या. समोर टेबलावर थर्माकोलचं पांढरं डोकं होतं. नाक होतं त्याला, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे होते, आणि त्याच्यावर प्रेमाचे केस होते. मी चार महिने रोज तिला पाठमोरी बघते, ओट्याशी, मोरीशी, तुळशीशी. मला ते केस ओळखू येतात. म्हणजे डोकं इकडे आणि केस तिकडे, आणि दोन्ही प्रेमाचे. त्या घोटाळ्यात माझ्या तोंडातून हाक निघणार होती, आणि ती त्या थर्माकोलच्या डोक्याला निघणार होती, इतकं माझं मन फिरलं. तेवढ्यात हेतल बोलली. "भाभी, हळदीला मी आतून चार क्लिपा जास्त लावून देते. पण तेल नको लावू देऊ कोणाला. तेल लागलं ना, की जाळी सरकेल." प्रेमा म्हणाली, "आई तेल घालणारच." "मग सांगून टाक ना त्यांना." यावर प्रेमा हसली. मी तिला फार थोड्या वेळा हसताना ऐकलंय. "नको गो. बावीस वर्षांत पयल्यांदा माझ्या केसांना बरं म्हणाल्या त्या. ऱ्हाऊ दे तेवढं." मग हेतलने ते केस उचलून तिच्या डोक्यावर बसवले आणि आत कुठेतरी बोटं घालून एकेक क्लिप दाबली. टक. टक. असे चार आवाज झाले. मी चौथ्या आवाजाला जिन्यावर होते.

गेले होते कशाला, तर निरोप द्यायला. नातीच्या होणाऱ्या सासरहून, वैशाखऱ्याहून, फोन आला होता की परवा नवऱ्याकडच्या पंधरा बाया उष्टी हळद घेऊन टेम्पोने येणार, जेवायचं बघा. प्रेमा शिंप्याकडे गेली म्हणून मी शिंप्याकडे गेले, शिंप्याने वरच्या मजल्याकडे बोट केलं. निरोप माझ्यापाशीच राहिला. बाजारातून मी सरळ चालत गेले ती एसटी स्टँडवर पोचले. आमचं घर तिकडे नाहीच. तिथे मुरबाडची गाडी लागलेली होती, कंडक्टर सरळगाव, सरळगाव ओरडत होता, आणि मी दाराला हात लावून उभी. "आजी, चढायचं काय?" तो म्हणाला. मी म्हटलं, "मला विचारतोस? तुझी गाडी, तुला म्हायती." लोक हसले. माझं तोंड असं आपोआप चालतं, आत काहीही होवो. मग मी मागे वळले आणि तिन्हीसांजेच्या आत घरी आले.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. हे तिने मोजलं कधी, असं मी सारखं मनात धरून बसले. खरं म्हणजे मला आठवतही नव्हतं मी तिला काय म्हटलं होतं. मग वाल निवडता निवडता आठवलं. संक्रांत झाली होती. त्याआधी प्रेमा तीन महिने माहेरी, खर्डीला. तिच्या आईचं बरं नाही, असं भगीरथने, माझ्या लेकाने, मला सांगितलं होतं. मी तीन महिने बडबडले, की कसली सून, दिवाळीला घरात नाही, म्हातारीला करायला तिला भाऊ-भावजय नाहीत काय. भगीरथ खाली मान घालून जेवायचा आणि दर आठवड्याला दोनदा मुंबईला जायचा. ऑफिसचं काम म्हणायचा. पंचायत समितीच्या क्लार्कला मुंबईत कसलं काम असतं हे मी विचारलं नाही. मला वाटलं बढती असेल. मग ती आली, हडकलेली, पण केस असे दाट, काळे, नीट विंचरलेले, की मी ओट्यावर बसल्या बसल्या म्हटलं, "माहेरचं पाणी मानवलं म्हणायचं. केस बरे झाले गो तुझे." ती उंबऱ्यात थांबली. मग म्हणाली, "तुमच्या तेलाने झाले असतील, आई." आणि मी ते खरं धरलं. माका, जास्वंद, खोबरेल, मी स्वतः कढवते. दर महिन्याला बाटली भरून तिच्या हातात देत गेले, लाव, अजून वाढतील. ती घेत गेली. मग ते तेल गेलं कुठे. चार बाटल्या. आणि इथे मला एकदम आमच्या म्हाताऱ्याचे गुडघे आठवले. जयराम म्हणतात त्यांना गावात, मी नाव घेत नाही. महिन्यांमागून महिने त्यांच्या गुडघ्यांना माक्याचा वास येतो आणि मी मनात म्हणत होते, या वयात माणसाच्या अंगाला काय काय वास सुटतात. म्हणजे ती यांचे पाय चोळत होती माझ्या तेलाने. म्हणजे यांनाही ठाऊक. पण हे तर ठार बहिरे. यांना काही सांगायचं म्हणजे पार खालच्या आळीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडावं लागतं. मग यांना सांगितलं कधी, आणि ओरडून सांगितलं तर माझ्या कानावर कसं आलं नाही. मी वालाचं सूप खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. ते ओट्यावर बिडी शोधत होते. बहिऱ्या माणसाला कळलं आणि कानाच्या माणसाला नाही. बहुतेक त्यांनी बघितलं असेल. तीन महिने मी बोलत होते, तेव्हा ते बघत असतील.

मग जे दिसेल ते उलटं व्हायला लागलं. दिपिकाचं सुद्धा. दिपिका म्हणजे प्रेमाची लेक, जिचं लग्न. तिने कल्याणला पार्लरचा कोर्स केला, त्याची वही घेऊन फेब्रुवारीत ती माझ्यापुढे बसली होती. "आजी, तुला एक धडा वाचून दाखवते, टोपांचा." मी म्हटलं वाच, वाल तरी निवडून होतील. "इजिप्त देशात बाया-पुरुष सगळे डोकं भादरायचे आणि वर टोप घालायचे." "भादरायचं तर टोप कशाला, आणि टोप घालायचा तर भादरायचं कशाला?" "उकडतं म्हणून भादरायचं, शोभा म्हणून घालायचं." "शाणे दिसतात." मग पुढे फ्रान्स देशाच्या कुठल्या राजाचं आलं. तरणाताठा राजा, त्याचे केस गळायला लागले, म्हणून त्याने टोप घातला. मग दरबारातल्या सगळ्यांनी घातले, ज्यांचे स्वतःचे केस चांगले होते त्यांनी सुद्धा. "ते कशाला?" मी विचारलं. दिपिकाने वहीत बघितलं. वहीत नसावं. ती म्हणाली, "राजा एकटा दिसू नये म्हणून असंल." मग टोप उंच होत गेले, दीड दीड हात, त्यांना पीठ लावायचे पांढरं दिसायला, मग पिठाची टंचाई झाली, लोक भुकेले, राजाला लोकांनी खाली ओढलं, आणि टोप गेले. मी पोट धरून हसले, की भाकरीचं पीठ डोक्याला लावणारे लोक अजून जगतात कसे. "आणि गंगावनाचं काय लिवलंय?" "ते नाय यात." "मग तुझी वही अर्धीच हाय." ती हसली, पण वही मिटताना तिने माझ्याकडे एक क्षण बघितलं होतं. आता वाटतं, ती मला तयार करत होती काय. की खरंच नुसता धडा होता. परीक्षा जवळ होती हेही खरं. आता प्रत्येक गोष्टीच्या मागे दुसरी गोष्ट उभी आहे असं दिसतं आणि मागची कुठली, पुढची कुठली, याचा मेळ लागत नाही.

गंगावनाचं त्या वहीत नव्हतं, पण ते मला ठाऊक आहे. म्हशाच्या जत्रेत घेतलं मी, लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. म्हसा मुरबाडकडे, माझ्या माहेराजवळ. बैलांचा बाजार एकीकडे, घोंगड्या एकीकडे, आणि मधल्या वाटेवर एक बाई पोत्यावर केसांचे झुबके मांडून बसलेली, सुकत घातलेल्या बोंबलांसारखे एकाला एक लावून. त्या काळी सिनेमातल्या बाया डोक्यावर मडकं पालथं घातल्यागत केस फुगवायच्या, शहापूरच्या मामलेदाराची बायको आत काथ्या कोंबून तसंच करायची, आणि आम्हा गावच्या बायांना तसलं जमत नसलं तरी अंबाडा मोठा पाहिजे असं वाटायला लागलं होतं. माझे केस तेव्हा पुष्कळ होते. तरी मी अजून पाहिजेत म्हणून घेतलं. बाईने एकेक झुबका माझ्या वेणीला लावून बघितला आणि रंग जुळला तो दिला. आईने विचारलं, "कोणाचे गो हे केस?" ती बाई म्हणाली, "देवाला वाहिलेले." कुठल्या देवाला, कोणी वाहिलेले, जिवंत की मेलेली, हे आम्ही विचारलं नाही. चाळीस वर्षं ते माझ्या डोक्यात आहेत आणि मी विचारलं नाही. पुढे एक्क्याण्णव साली मला विषमज्वर झाला, माझे स्वतःचे उशीवर गळून पडले, तेव्हापासून माझा अंबाडा म्हणजे वरवर माझे चार आणि आत सगळी ती कोण कुठली बाई. त्याच सुमाराला बाजारातल्या पोरी केस कापून मानेपर्यंत आणायला लागल्या, टीव्हीवरचे सगळे देव खांद्यापर्यंत टोप घालून बोलायला लागले, आणि आता तर पार्लरात म्हणे केसांना इस्त्री करतात. मी सगळ्यांना नावं ठेवली. माझं गंगावन मी कधी यांत धरलंच नाही. गंगावन म्हणजे दागिना, ते काय सोंग नव्हे, असं मी म्हणायचे. सोंग मी बघितलंय. माहेरी बोहाड्याला, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवाला, नामाकाका देवी व्हायचा, घायपाताचे लांब केस लावून, लाकडी मुखवटा बांधून, आणि संबळ वाजायला लागला की मी आईच्या पाठीमागे लपायचे. एकदा पहाटे घरामागे गेले तर नामाकाका बिडी ओढत बसलेला, आणि देवी शेजारी कुडाच्या खुंटीला लटकलेली, केस वाऱ्याने हलणारे. मी रडले. नामाकाका म्हणाला, "घाबरतेस कशाला, मीच हाय." पण त्यामुळेच तर मी रडत होते. मला त्याला विचारायचं होतं की मग रात्री कोण होतं.

आणि प्रेमाची वेणी. ब्याऐंशी साली खर्डीला तिला बघायला गेलो तेव्हा मी तिची वेणी ओढून बघितली होती. तशी रीत होती, थोरल्या बायांनी मुलीचे केस सोडून बघायचे, आत गंगावन तर नाही ना. पण मी सोडून नाही बघितले, ओढून बघितले, सगळ्यांसमोर. तिने हूं की चूं केलं नाही. वेणी खरी होती, बारीक होती. "उंदराची शेपटी हाय, पण घरची हाय," असं मी म्हटलं आणि सगळे हसले आणि लग्न ठरलं. माझ्या अंबाड्यात तेव्हा म्हशाची बाई बसलेली होती. त्यानंतर बावीस वर्षं, पानात केस निघाला तर मी म्हणायचे, आधीच थोडे, ते पण आम्हाला वाढतेस. हे मी काय दुष्टपणाने नाही म्हटलं. घरात बोलायला लागतं. बोललं नाही तर घर चालत नाही असं मला वाटत आलं. आता ती उंदराची शेपटीसुद्धा नव्हती. कुठे गेली असेल, एकदम की थोडी थोडी, खर्डीच्या घरात उशीवर की परळच्या दवाखान्यात, आणि कोणी उचलली, कुठे टाकली. आमच्यात विंचरलेले केस वाटेल तिथे टाकत नाहीत, गुंडाळी करून कुडाच्या फटीत खोचतात. तिथे कसला कूड.

दवाखाना परळचा हे मला भगीरथच्या खिशातल्या कागदावरून कळलं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याचा सदरा धुवायला घेतला तेव्हा. मला अक्षरं जोडून वाचता येतात, दुसरीपर्यंत शाळेत गेले. छातीतली गाठ, ती काढली, आणि पुढे बरंच इंग्रजी. मी कागद परत खिशात घातला आणि सदरा न धुता खुंटीला लावला. मग माझ्या लक्षात आलं की मला कोणी का सांगितलं नाही. वैशाखऱ्याच्या माणसांना कळलं तर सोयरीक मोडणार. मुलीच्या आईला असला आजार, उद्या मुलीला होईल, नातवंडांना होईल, असं म्हणायला त्यांना वेळ लागणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीच पहिली म्हटलं असतं. आणि मला सांगणं म्हणजे पाणवठ्यावर सांगणं, असं माझ्या घरच्यांना वाटतं. यात राग येण्यासारखं होतं आणि मला राग आणता येईना. मी आत गेले. प्रेमा आमटीला फोडणी देत होती. तिच्या मानेवर, जिथे केस संपतात तिथे, एक बारीक लालसर वळ होता, कसला तरी काठ रुतल्यासारखा. चार महिने तो तिथे असणार. "प्रेमे," मी म्हटलं. "काय, आई?" "काय नाय. काल मीठ जास्त पडलेलं." "बरं," ती म्हणाली. काल मीठ बेताचं होतं, ते तिलाही ठाऊक होतं.

तेलाचं आता सांगते, कारण सगळी गाठ तिथेच होती. आमच्या घरात हळद लावायच्या आधी थोरली बाई नवरीच्या आईला तेल घालते. पाय, मग गुडघे, मग खांदे, मग डोकं. टाळूवर वाटी रिकामी करायची आणि पाची बोटं केसांत घालून चोळायचं, आलेल्या सगळ्या बायांच्या देखत, लेक वाढवून तापलेलं डोकं थंड व्हावं म्हणून. माझ्या नणंदेच्या लग्नात आजेसासूने माझ्या सासूला घातलं ते मी बघितलं. मला कोणी घातलं नाही, मला लेक नाही. ती पितळेची वाटी मात्र सासूने मरताना माझ्याकडे दिली, आणि चाळीस वर्षं मी ती चिंचेने घासत आले, की एक दिवस मी घालीन. आठ दिवसांमागे दिपिका म्हणाली, "आजी, यंदा तेल नको करू या, मेकअप बिघडतो," तेव्हा मी ताडकन उठले होते. "माझ्या दारात तेलाशिवाय हळद लागणार नाय. तेल नको तर मी पण नको. मी आपली म्हशाला जाते." भगीरथ चपला घालून बाहेर गेला, दिपिका आत गेली, प्रेमा भांडी घासत राहिली. मला वाटलं जिंकले.

आता काय करावं ते कळेना. शब्द मागे घ्यावा तर का घेतला हे सांगावं लागेल, मी आजवर घेतला नाही. सांगितलं की मला ठाऊक आहे, तर प्रेमाचं ते बावीस वर्षांतलं एक बरं म्हणणं पण गेलं. आजारी पडावं असंही मनात आलं. पण मी निजले तर वाटी सकुबाईच्या हातात जाणार. सकुबाई आमची धवलारीण, लग्नाची गाणी तिने म्हणायची आणि कोणी काय कधी करायचं ते तिने सांगायचं, आणि तिचा हात माझ्याहून जड. म्हणजे घालायचं तर मीच, आणि घालायचं नाही तरी मीच. हळदीच्या सकाळपर्यंत मी ती वाटी तीनदा घासली.

मांडव घातलेला होता, पंधराच्या वीस बाया आल्या, विहीण काशीबाई पुढे, चटईच्या अगदी कडेला, पाटावर बसणारीच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी. तिची नजर मला आवडली नाही. माझीच नजर होती ती, ब्याऐंशी सालची. सकुबाईने धवला सुरू केला. प्रेमा पाटावर बसली, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, केसांचा भांग सरळ. मी वाटी घेऊन समोर बसले आणि पहिल्यांदा तो भांग जवळून बघितला. भांगातली कातडी कातडीसारखीच होती, पण तिला घाम नव्हता. वैशाखातल्या दुपारी आम्हा सगळ्या बायांच्या भांगांतून घाम ओघळत होता आणि तिचा कोरडा. काशीबाईला हे दिसत असेल काय. मी पायांना तेल लावलं. तिचे पाय गार होते. सकुबाई म्हणाली, "गुडघे," मी गुडघ्यांना लावलं. डाव्या खांद्याला हात लावला तेव्हा ती अंगभर आक्रसली आणि मला त्या कागदावरची गाठ आठवली, मी हात उचलून उजवीकडे नेला. "आता डोकं," सकुबाई म्हणाली, "दे गो अंबू, सगळी वाटी दे लेकीच्या आईला." प्रेमाने डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असेल, किंवा क्लिपा मोजत असेल. मी वाटी तिच्या डोक्यावर धरली. या हाताने मी एकदा ओढून बघितलं होतं. आता ओढायचीसुद्धा गरज नव्हती. वाटीत तेलावर मांडवाचा तुकडा दिसत होता, पताकेचा लाल, तो हलायला लागला, आणि मला थर्माकोलच्या डोक्याचे ते खळगे दिसले, खुंटीवरची देवी दिसली, काही कळेना की मी कोणाच्या डोक्यावर काय धरून बसले आहे.

वाटी मी सोडली की सुटली हे मला आजही सांगता येत नाही. ती माझ्याच मांडीवर पालथी झाली. नवी जरीची साडी, पोटापासून पायापर्यंत तेल, आणि वाटी घरंगळत काशीबाईच्या चटईपर्यंत. धवला थांबला. हळदीत तेल सांडलं म्हणजे काय हे तिथल्या लहान पोरीलाही कळतं. "काय केलंस गो हे, अंबू?" सकुबाई म्हणाली. मी म्हटलं, "म्हातारी झाले. हात ऱ्हात नाय आता." हे वाक्य मी जन्मात कधी म्हटलं नव्हतं, म्हाताऱ्यापुढे सुद्धा नाही. मागून कोणीतरी हळू म्हणालं, एवढा तोरा मिरवते आणि वाटी धरवत नाय. मी ते ऐकलं. उत्तर तोंडात आलेलं होतं, चांगलं होतं, ते मी गिळलं. काशीबाई वाटी उचलून पुढे करत म्हणाली, "व्हतं असं. दुसरं तेल आणा, डोकं तेवढं ऱ्हायलंय." प्रेमाचे डोळे उघडले. मी वाटी घेतली आणि पदराखाली ठेवली. "आमच्या घरात सांडल्यावर दुसरं तेल घालत नाय," मी म्हटलं. "सांडलं ते देवाचं. आता सरळ हळद." अशी रीत आमच्या घरात नाही. कुठेच नाही. सकुबाई चाळीस वर्षं आमच्या घरचे धवले म्हणते, तिला सगळं पाठ आहे. तिने माझ्याकडे बघितलं, मग प्रेमाकडे, मग परत माझ्याकडे. तिला काय कळलं आणि काय नाही हे मला ठाऊक नाही. ती काशीबाईला म्हणाली, "खरं हाय विहीणबाय. यांच्यात तसंच करतात," आणि तिने हळदीचा धवला उचलला, नेहमीपेक्षा वरच्या आवाजात, बाकीच्या बाया मागोमाग म्हणायला लागल्या.

दिवसभर माझ्याशी कोणी धड बोललं नाही. भगीरथ अपशकुनाने चिडलेला, त्याला वाटलं मी हट्टाने वाटी गच्च भरली म्हणून सांडली. दिपिका माझी साडी शिकेकाईत भिजवताना एकदा म्हणाली, "आजी, हात दुखतो काय गो तुझा?" मी म्हटलं, "दुखतो." प्रेमा पंगतीत वाढत फिरत होती. तिला काय वाटलं असेल याचा मी अंदाज बांधत राहिले. तिला वाटलं असेल देव पावला. किंवा म्हातारीचे हात खरंच गेले. म्हाताऱ्यांना जेवायला वाढलं तेव्हा त्यांनी ताटातून वर बघितलं आणि एक पापडाचा तुकडा मोडून माझ्या पानात टाकला. असं ते करत नाहीत. यांनी पण काही बघितलं काय, की पापड जास्त झाला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत अंबाडा घालायला बसले. हात खरंच थरथरायला लागले होते, जसे काही मी बोलले ते त्यांनी मनावर घेतलं. गंगावन एकदा सुटलं, दोनदा सुटलं. प्रेमा आत आली, नवी साडी नेसलेली, तयार. तिने न विचारता फणी माझ्या हातातून काढली आणि पाठीमागे बसली. बावीस वर्षांत तिने माझ्या केसांना हात लावला नव्हता, मी लावू दिला नव्हता. माझे चार केस एका हातात आणि ती म्हशाची बाई दुसऱ्या हातात, असं तिला दिसत असणार. तिने पीळ दिला, गुंडाळलं, आकडे खोचले, मान वाकवून बघितलं, बहुतेक समाधान झालं नाही. मग मला नुसता तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला, वर गेल्यासारखा, तिच्या स्वतःच्या डोक्याशी. मग माझ्या मानेवर काहीतरी गार टेकलं, बारीक दातांचं, आणि आवाज झाला. टक. मग दुसऱ्या बाजूला. टक.

तो आवाज मला ठाऊक होता. मी मान हलवली नाही. "टोचलं काय, आई?" तिने विचारलं. "नाय." समोर आरसा होता, पण मी त्यात बघितलं नाही, तीही बघत नसावी. बाहेर वाजंत्री जुळवत होते. "तुझे ऱ्हातील काय नीट?" मी म्हटलं. तिची बोटं माझ्या मानेवर थांबली. मग म्हणाली, "ऱ्हातील. दोन पुरतात."

ओट्यावरून म्हातारे ओरडले, "झालं काय गो, टेम्पो आला." "झालं," मी म्हटलं, पण इतकं हळू, की कान असलेल्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. प्रेमाने हात देऊन मला उठवलं. मी डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे हलवून बघितलं. अंबाडा जागचा हलला नाही.